पंधरा वर्षांचा हॅरी आणि न सांगण्याची सवय

हॅरी पॉटर मालिकेतील पाचवी कादंबरी, ‘हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फीनिक्स’, २१ जून २००३ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी तेव्हा ऐकू आलेली आणि आजही ऐकू येणारी तक्रार एकच आहे: यातला हॅरी फार चिडतो. मित्रांवर ओरडतो, शिक्षकांना उलट उत्तरे देतो, स्वतःची कीव करतो आणि ७६६ पानांपैकी बरीच पाने धुमसत राहतो. पहिल्या चार भागांतला गुणी, सोशिक, थोडासा बुजरा मुलगा कुठे गेला, असा प्रश्न वाचकांना पडतो. आमच्यापैकी एकाने पहिल्या वाचनात ही कादंबरी शंभरेक पानांनंतर मिटून ठेवली होती, तीही याच कारणासाठी. दुसऱ्याने ती सलग वाचली आणि मालिकेतला हाच भाग सर्वांत प्रौढ आहे असे मत दिले. तो वाद आमच्यात पुष्कळ वर्षे चालला. पदवीच्या वर्गात व्यक्तिचित्रण हा घटक शिकवताना हॅरीचे उदाहरण निघाले आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनीही “तो चिडका आहे” याच शब्दांत त्याचा निकाल लावला, तेव्हा कादंबरी पुन्हा काढून एकत्र वाचली. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. हॅरीचा राग हा त्याच्या व्यक्तिरेखेचा फक्त वरचा थर आहे. त्याखाली एक जुनी, घट्ट बसलेली सवय आहे, आणि ती म्हणजे न सांगण्याची. आपल्याला कुणी काही सांगत नाही म्हणून हा मुलगा संतापतो आणि स्वतःही कुणाला काही सांगत नाही. कादंबरीतली शोकांतिका या दुहेरी मौनातून घडते. राग मोठ्याने बोलत असल्यामुळे तो वाचकाला ऐकू येतो. मौन ऐकू येत नाही, म्हणून निसटते.

प्रारंभच पाहावा. १९९५ सालचा उन्हाळा आहे, पाण्याची टंचाई आहे, बागेला नळी लावून पाणी घालायला बंदी आहे. मावशीच्या घराच्या खिडकीखाली, हायड्रेंजियाच्या झुडपाआड, फुलांच्या वाफ्यात हॅरी उताणा पडला आहे आणि आतल्या दूरचित्रवाणीवरच्या बातम्या चोरून ऐकतो आहे. महिन्यापूर्वी त्याच्या डोळ्यांदेखत सेड्रिक डिगरीचा खून झाला आणि व्होल्डेमॉर्ट परत आला. ज्या जगात हे घडले तिथून त्याला कुणी काही कळवत नाही, मित्रांच्या पत्रांत नुसती गुळमुळीत वाक्ये असतात. म्हणून तो परक्या जगाच्या बातम्यांत आपल्या जगाची खूण शोधतो आहे. फँटसीच्या नायकाचा याहून केविलवाणा प्रवेश आमच्या तरी वाचनात नाही. तलवार नाही, घोडा नाही, भविष्यवाणीही अजून नाही. आहे तो एक मुलगा, ज्याला मोठी माणसे आत काय बोलतात ते ऐकायचे आहे.

हे दृश्य मालिकेच्या पहिल्या भागाशी जोडून वाचले पाहिजे. डर्स्लींच्या घरात वाढणाऱ्या मुलासाठी पहिला नियम कोणता होता? प्रश्न विचारायचे नाहीत. आईवडील कसे गेले, कपाळावरचा व्रण कशाचा, याबद्दल विचारले की गप्प केले जाई. जिन्याखालच्या कपाटात दहा वर्षे काढलेल्या मुलाने दोन गोष्टी शिकल्या: उत्तर मिळणार नाही हे गृहीत धरायचे आणि आपल्या मनातले बाहेर काढायचे नाही. पहिल्या चार भागांत ही शिकवण गुणासारखी दिसते. आपण तिला समजूतदारपणा म्हणतो, सोशिकपणा म्हणतो. आपल्याकडच्या पालकसभांमधूनही ‘काही बोलत नाही हो, फार शहाणा आहे’ असे कौतुक नेहमी ऐकू येते. पाचव्या भागात लेखिका तोच गुण उलटा करून त्याचे अस्तर दाखवते.

वाफ्यातून उठलेला हॅरी लगेच काय करतो? आपल्या मावसभावाला, डडलीला, गाठून त्याची टवाळी करतो. त्यात त्याला मजा वाटते. मनातली वाफ डडलीवर काढता येते आहे याचे समाधान वाटते आणि निवेदन ते लपवत नाही. डडलीही मग झोपेत ऐकलेले सेड्रिकचे नाव काढून नेमक्या जागी घाव घालतो. हॅरी छडी रोखतो. पुढच्याच क्षणी डिमेंटर येतात आणि ज्याला तो छळत होता त्यालाच तो वाचवतो. दोन पानांत छळणारा आणि तारणारा एकच. या मुलाचा चांगुलपणा खरा आहे आणि त्याचा दुष्टपणाही खरा आहे, आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. कुमारांसाठीच्या कादंबरीत हे धाडस थोडेथोडके नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हॅरी बदनाम झाला त्याकडे येऊ. ग्रिमॉल्ड प्लेसवरच्या बारा क्रमांकाच्या घरात तो रॉन आणि हर्मायनीला भेटतो आणि त्यांच्यावर तोंड सोडतो. मूळ इंग्रजीत हे सगळे कॅपिटल अक्षरांत छापलेले आहे. (या मालिकेचे मराठी अनुवाद झाले आहेत. अनुवादाच्या अभ्यासकांनी या जागी थांबून पाहावे. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत. छापील पानावर ओरडण्याची ती सोय आपल्याला नाही. आपल्याला ओरडणे वाक्याच्या बांधणीतूनच आणावे लागते: तुटलेली वाक्ये, पुन्हा पुन्हा तेच शब्द, क्रियापद आधी आणून केलेला मारा. कॅपिटल अक्षरे ही एका अर्थी आळशी युक्ती आहे, आणि या प्रसंगाच्या वैतागवाणेपणाचा काही वाटा त्या छपाईकडेही जातो असे आम्हाला वाटते.) या भडिमारात हॅरी स्वतःच्या पराक्रमांची यादी वाचतो. परीस कुणी वाचवला, रिडलला कुणी संपवले, डिमेंटरांपासून तुमचे जीव कुणी वाचवले, ड्रॅगनांसमोर कोण उभे राहिले. हे सगळे मी केले आणि मलाच काही सांगायचे नाही? यादी खरी आहे. तरीही ती ऐकताना अंगावर काटा येतो, कारण ज्या दोघांना तो ती ऐकवतो आहे त्यांचाही त्या यादीत वाटा आहे आणि हे तो विसरला आहे.

आता हीच यादी पंधराव्या प्रकरणात पुन्हा येते. अम्ब्रिजबाई संरक्षणविद्येच्या वर्गात काहीच शिकवत नाहीत, म्हणून हर्मायनी सुचवते की हॅरीनेच सर्वांना शिकवावे. तो नकार देतो, तेव्हा रॉन त्याचे पराक्रम एकेक करून मोजतो. परीस, बॅसिलिस्क, डिमेंटर, व्होल्डेमॉर्टशी सामना. जवळजवळ तीच कलमे, तेच तिघे जण. पण जे ऑगस्टमध्ये त्याने गर्जून सांगितले होते तेच तो आता तितक्याच त्वेषाने नाकारतो. ते सगळे नशीब होते, वेळेवर कुणीतरी मदतीला आले, मी काय करतो आहे हे मला त्या वेळी कळतही नव्हते, असे तो ओरडून सांगतो. मृत्यूसमोर उभे राहणे म्हणजे पाठ केलेले मंत्र म्हणणे नव्हे, हेही सांगतो; सेड्रिकच्या मरणाबद्दल मित्रांसमोर मनातले इतके उघड पहिल्यांदा बोलतो. या धांदलीत समोरचे भांडे खाली पडून फुटते. त्या भांड्यात काय होते? अम्ब्रिजबाईंच्या शिक्षेने सोललेल्या त्याच्या हातासाठी हर्मायनीने केलेले औषध. तो मंत्राने भांडे जोडतो. सांडलेले औषध मात्र परत भरता येत नाही.

आमच्या मते हॅरीच्या व्यक्तिचित्रणाची गुरुकिल्ली या दोन प्रसंगांच्या जोडीत आहे. पंधराव्या वर्षी माणसाला आपण कोण आहोत हे ठरवायचे असते, आणि त्यासाठी हाताशी असतात ती आपलीच काही थोडी कृत्ये. एकदा ती पदकांसारखी छातीवर लावावीशी वाटतात, एकदा उपटून फेकावीशी वाटतात. दोन्ही वेळा तो मुलगा खरेच बोलत असतो. वर्गात ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली तेव्हा ‘चिडका’ हा शब्द पुन्हा कुणी वापरला नाही. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तो ओरडल्याशिवाय सांगूच शकत नाही का?” प्रश्न अचूक होता. या मुलाच्या तोंडून आतली गोष्ट बाहेर येते ती रागाच्याच वाटेने, कारण दुसरी वाट त्याला कुणी दाखवलेली नाही.

आणि शांतपणे सांगण्याची वेळ येते तेव्हा तो गप्प राहतो. व्होल्डेमॉर्ट परतला आहे हे वर्गात सांगितल्याबद्दल अम्ब्रिजबाई त्याला संध्याकाळी आपल्या खोलीत बसवून एकच वाक्य लिहायला लावतात, आपण खोटे बोलू नये अशा अर्थाचे. लेखणीला शाई लागत नाही. कागदावर उमटणारी अक्षरे त्याच्याच हाताच्या पाठीवर कोरली जातात आणि शाई असते ती त्याचे रक्त. कादंबरीतली ही सर्वांत भयंकर कल्पना आहे, आणि शिक्षकी पेशातल्या कुणालाही ती सहज विसरता येणार नाही. (हातात पाटी घेऊन सहकाऱ्यांच्या वर्गात बसणाऱ्या, त्यांच्या बोलण्याची नोंद करणाऱ्या अम्ब्रिजबाई वाचताना तपासणी समित्यांच्या आदल्या रात्री जागून फायली लावणारे कोणते प्राध्यापक हसणार नाहीत! असो.) हॅरीचा हात रॉनला दिसतो तो अपघाताने. रॉन म्हणतो मॅकगोनागलबाईंना सांग, हॅरी नाही म्हणतो. हर्मायनीही आग्रह करते. तो सांगत नाही. ही आपली आणि अम्ब्रिजबाईंची खाजगी लढाई आहे, आपल्याला त्रास झाल्याचे समाधान तो त्यांना देणार नाही. आणि ज्या डंबलडोरने जूनपासून आपल्याशी शब्दही बोललेला नाही त्याच्याकडे आता कशाला जायचे, असा त्याचा विचार. चारचौघांत सत्य सांगण्यासाठी हा मुलगा रक्त सांडायला तयार आहे, पण आपल्याला दुखते आहे एवढे एक वाक्य एका विश्वासू बाईंना सांगायला तयार नाही.

मग ही साखळी वाढतच जाते. स्वप्नात दिसणाऱ्या त्या बंद दाराच्या पलीकडे जायची ओढ आपल्याला लागली आहे, हे तो कबूल करत नाही. मन बंद करण्याची ऑक्लुमन्सी नावाची विद्या शिकण्याची सक्ती त्याच्यावर होते, तेव्हा सराव चालू आहे असे हर्मायनीला खोटेच सांगतो. ते शिकवणी वर्ग का थांबले याचेही खरे कारण मित्रांना सांगत नाही. ते कारण सांगण्यासारखे नव्हतेच. स्नेपच्या आठवणींच्या भांड्यात डोकावून त्याने आपल्या बापाला पाहिले होते. परीक्षेनंतर तळ्याकाठी, कंटाळा आला म्हणून, मित्रांच्या हशात एका एकट्या मुलाला उलटा लटकवणारा जेम्स पॉटर. वय पंधरा.

हा प्रसंग मालिकेतील सर्वोत्तम प्रसंगांपैकी आहे, आणि त्याचे सामर्थ्य वयाच्या त्या आकड्यात आहे. हॅरी अस्वस्थ होऊन, पकडले जाण्याचा धोका पत्करून, सिरियस आणि लुपिन यांच्याशी बोलतो. लुपिन मित्राची बाजू घेत म्हणतो की जेम्स तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. हॅरी उसळून सांगतो की मीही पंधराच वर्षांचा आहे. पंधरा वर्षे हे वय मोठ्यांच्या तोंडी माफीचे कारण असते. त्या वयात जगणाऱ्याला ते माफीचे कारण म्हणून मान्य नसते. सगळ्या पौगंडावस्थेच्या चर्चेत आम्हाला याहून नेमकी दोन वाक्ये भेटलेली नाहीत. आणि गंमत अशी की याच हॅरीने काही महिन्यांपूर्वी डडलीला मजेखातर डिवचले होते. ती गोष्ट त्याला इथे आठवत नाही. लेखिका आठवण करून देत नाही. वाचकाने आठवायचे.

इथे निवेदनपद्धतीबद्दल बोलायला हवे. मालिकेत बहुतेक सर्वत्र तृतीयपुरुषी पण हॅरीच्याच दृष्टीला बांधलेले निवेदन आहे. मराठीतल्या या वयाच्या अव्वल व्यक्तिरेखा प्रथमपुरुषी बोलतात: प्रकाश नारायण संतांचा लंपन, मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ (२००४) मधला मुकुंद जोशी. तेही घरी पुष्कळ काही लपवतात, पण वाचकाला सांगतात. वाचक त्यांचा जिवलग असतो आणि सांगण्याच्या सुरातच अर्धे आकलन येऊन जाते. हॅरीला असा श्रोता नाही. निवेदक त्याच्या डोक्यात बसलेला आहे, पण त्याच्या वतीने बोलत नाही, त्याला सुधारतही नाही. म्हणून आपण त्याच्या चुकीच्या समजुती त्याच्याबरोबर जगतो. डंबलडोर आपल्याकडे बघत नाही म्हणजे आपण त्याच्या मनातून उतरलो, असे हॅरीला वाटते आणि आपल्यालाही वाटते. चो चँग का रडते हे त्याला उमगत नाही. ते हर्मायनीला शांतपणे समजावून द्यावे लागते: सेड्रिकचे दुःख, हॅरीविषयीची ओढ, त्या ओढीचा अपराधभाव, सगळे एकाच वेळी. पंधरा वर्षांच्या मुलाच्या कोंडलेपणाचा अनुभव देण्यासाठी वाचकालाही त्याच्याबरोबर कोंडणे हा लेखिकेचा निर्णय आहे. गुदमरल्याची तक्रार म्हणजे तो निर्णय यशस्वी झाल्याची पावतीच म्हणावी लागेल.

तरीही सगळेच साधले आहे असे आम्ही म्हणणार नाही. दोन ठिकाणी कादंबरी आम्हाला कच्ची वाटते.

पहिले म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या मनाचा हॅरीच्या मनाशी असलेला दुवा. व्होल्डेमॉर्टच्या भावना व्रणावाटे हॅरीत झिरपतात; डंबलडोरकडे पाहताच त्याच्यावर झडप घालावी अशी परकी ऊर्मी उठते. कथानकाला याची गरज आहे, मान्य. पण त्यामुळे रागाच्या मालकीत घोळ होतो. मुलाच्या रागाला भुताची बाधा हे कारण पुरवले की वाचकाची सुटका होते, कदाचित लेखिकेचीही. सुदैवाने तिने ही पळवाट फार वापरलेली नाही. डंबलडोरसमोरच्या ऊर्मी सोडल्या तर मोठे स्फोट हॅरीचे स्वतःचेच आहेत.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक खटकते. हॅरीच्या गुप्त शिकवणी वर्गाची बातमी मारिएटा एजकोम ही मुलगी अम्ब्रिजबाईंना देते. हर्मायनीने सह्यांच्या कागदावर आधीच शाप घालून ठेवलेला असतो, त्यामुळे मारिएटाच्या चेहऱ्यावर पुटकुळ्यांनी चहाडखोर अशा अर्थाचा शब्द उमटतो. तो पुढच्या वर्षीही पुरता गेलेला नसतो. मारिएटाची आई मंत्रालयात नोकरीला आहे आणि तिच्यावर दडपण होते, असे चो सांगू पाहते. ही युक्ती भयंकर होती असेही म्हणते. हॅरी उलट हर्मायनीची तारीफ करून तिच्याशी भांडतो. आता विचार करावा. अम्ब्रिजबाई मुलाच्या हातावर शब्द कोरतात, हर्मायनी मुलीच्या तोंडावर. एका शिक्षेला कादंबरी अत्याचार म्हणते, दुसरीला हुशारी. हॅरीला हे साम्य दिसत नाही हे स्वाभाविक आहे. पण ते लेखिकेला दिसले होते का, याची खात्री मजकुरातून पटत नाही. जेम्सच्या प्रसंगात नायकाच्या दृष्टीपलीकडचे वाचकासाठी ठेवणारे निवेदन इथे नायकाच्या बाजूने उभे राहिल्यासारखे वाटते. याबाबत आम्हा दोघांत अजूनही एकमत नाही. एकाच्या मते चोच्या तोंडी ते वाक्य घालून लेखिकेने आपले काम केले आहे. दुसऱ्याच्या मते चोला कादंबरी गांभीर्याने घेतच नाही, म्हणून तिच्या तोंडचे वाक्य वाया जाते.

शेवटाकडे येऊ. सिरियसने नाताळच्या सुट्टीअखेर हॅरीला एक पुडके दिले होते, गरज पडल्यास माझ्याशी बोलायला वापर असे सांगून. त्याला धोक्यात आणणारे काही आपल्या हातून होऊ नये म्हणून हॅरी ते न उघडताच ट्रंकेत टाकतो. हेतू प्रेमाचा. पुढे सिरियसचा छळ होत असल्याचे खोटे दृश्य त्याला दिसते, खात्री करून घेण्याची त्याची धडपड फसते, आणि हर्मायनीने सावध केले असतानाही तो मंत्रालयात धावतो. सिरियस त्याला वाचवायला येतो आणि मरतो. नंतर पुडके उघडल्यावर आत आरसा निघतो: दोघांना एकमेकांशी थेट बोलता आले असते असा. नायकाचा घातक दोष त्याच्या संतापात शोधणाऱ्यांनी हे पुडके विसरू नये. सिरियसचा जीव घेण्यात रागाचा वाटा थोडा, न उघडलेल्या पुडक्याचा जास्त.

रागाची परीक्षाही लेखिका घेते. सिरियसला मारणाऱ्या बेलाट्रिक्सवर हॅरी यातनेचा निषिद्ध शाप टाकतो. तो नीट लागत नाही. ती कोलमडते, पण तडफडत नाही. उलट तीच त्याला समजावते की न्याय्य संतापाने हा शाप चालत नाही, त्यासाठी दुसऱ्याच्या वेदनेत आनंद वाटावा लागतो. या मुलाच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र शत्रूच्या तोंडून यावे, आणि तेही हेटाळणी म्हणून! वर्षभर ज्याला आपण रागीट म्हणत आलो त्याचा राग छळण्याच्या लायकीचा नाही.

आणि मग डंबलडोरची खोली. हॅरी तिथली नाजूक उपकरणे फोडतो, टेबल उलथवतो, दाराशी झटापट करतो. मला माणूस असणे नको, इथपर्यंत येतो. (२००७ च्या चित्रपटात ही मोडतोड गाळून टाकली आहे, मालिकेतल्या सर्वांत जाड पुस्तकाचा तो चित्रपट जेमतेम सव्वादोन तासांचा झाला, त्यात हेही गेले.) इंग्रजी वाचताना मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडतो, जो इंग्रज वाचकाला पडूच शकत नाही: या क्षणी हॅरी डंबलडोरला ‘तुम्ही’ म्हणतो आहे की ‘तू’? आम्ही वर्गात हे विचारले. बहुतेकांनी ‘तू’ म्हटले. आम्हाला वाटते, ‘तुम्ही’च. आदरार्थी क्रियापद शाबूत ठेवून समोरच्याच्या वस्तू फोडणारा मुलगा अधिक खरा आहे, कारण नाते तुटलेले नाही आणि म्हणूनच त्याला इतके लागले आहे.

डंबलडोर जे उत्तर देतो ते फार लांबते, सगळी गुपिते एका बैठकीत उलगडण्याची या मालिकेची खोड इथेही आहे. पण त्यातली कबुली महत्त्वाची. अकराव्या वर्षी हॅरीने विचारले होते की व्होल्डेमॉर्टला मला का मारायचे होते. तेव्हा लहान आहे म्हणून सांगितले नाही. पुढच्या वर्षीही लहान, मग आणखी काही. प्रत्येक वर्षी न सांगण्याला चांगले कारण होते आणि ते कारण प्रेम होते. मोठी माणसे तरुणपण विसरली तर दोष त्यांचा, असे तो म्हणतो. हे वाचताना आम्ही दोघेही थोडे गप्प झालो. अकरावीच्या वर्गांपासून आम्ही शिकवत आलो आहोत. ‘ते तुम्हाला पुढे कळेल’ हे वाक्य आम्ही किती वेळा वापरले असेल, याचा हिशेब नाही.

अखेर हॅरीला भविष्यवाणी कळते. जे कळावे म्हणून वर्षभर जीव टाकला ते हाती आल्यावर तो काय करतो? रॉनला सांगत नाही, हर्मायनीला सांगत नाही. एकटाच तळ्याकाठी जाऊन बसतो. ते दोघांना सांगायला डंबलडोरचा सल्ला लागतो, तोही २००५ मध्ये आलेल्या पुढच्या भागात. त्याच्या काळजावरचे ओझे किंचित हलते ते लूना लव्हगुडशी झालेल्या चार वाक्यांनी. हिच्या वस्तू मुले लपवून ठेवतात आणि ती त्या परत मिळाव्यात म्हणून सूचना चिकटवत हिंडते आहे. तिने नवव्या वर्षी आई गमावली. ती हे अगदी सहज सांगते, ओरडत नाही, लपवतही नाही. हॅरीला तिची दया येते, आणि त्या दिवसांत दुसऱ्याविषयी असे काही वाटण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी. लेखिका यावर काही भाष्य करत नाही. लूना जेवायला जाते.

शेवटचे दृश्य किंग्ज क्रॉस स्थानकावरचे. मूडी, लुपिन, टाँक्स, वीझली कुटुंब, सगळे डर्स्लींना दम द्यायला आले आहेत: या मुलाला नीट वागवा, तो आम्हाला कळवत राहील, तीन दिवस खबर आली नाही तर आम्ही येऊ. ऑगस्टमध्ये वाफ्यात पडून बातम्या ऐकणाऱ्या मुलाला आता कळवण्यासाठी माणसे आहेत. हे आपल्याला किती मोलाचे वाटले हे त्यांना सांगावे असे हॅरीला वाटते. शब्द सापडत नाहीत. तो हसतो, हात हलवतो आणि स्थानकाबाहेरच्या उन्हात चालू लागतो. मावशी, काका आणि डडली त्याच्या मागून घाईघाईने येत राहतात.